सुटून आल्यावर काम कसं मिळेल? प्रोबेशन, पॅरोल आणि जामिनावर असलेल्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि मालकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टाच्या आवारात, तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत आणि वर्कशॉपच्या दारात आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लोक ज्या शब्दांत विचारतात, जमेल तिथे तेच शब्द ठेवलेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या अनुभवावरून आहेत. तुमच्या केसमधला आदेश काय म्हणतो हे या पानापेक्षा महत्त्वाचं, त्यामुळे आदेशाची प्रत शेजारी ठेवूनच वाचा.

माझं नेमकं काय आहे, प्रोबेशन की पॅरोल? वकील एक सांगतात, पोलीस दुसरंच.

आधी कागद बघा. खटला अजून चालू असेल आणि तुम्ही बाहेर असाल, तर तो जामीन. दोष सिद्ध झालेला नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक जण यातलेच, आणि त्यात नवल नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेली होती.

कोर्टाने दोषी ठरवलं, पण तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर ते प्रोबेशन. हे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली होतं. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. सोबत देखरेखीचा आदेश असेल तर ती देखरेख किमान एक वर्षाची असते. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला हे कलम लागत नाही.

पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. शिक्षा भोगणाऱ्याला काही दिवसांसाठी मिळणारी ही सुट्टी आहे, सुटका नव्हे. अमेरिकी मालिकांत दिसतो तो पॅरोल, म्हणजे शिक्षेची उरलेली वर्षं बाहेर राहून काम करत काढायची, तसा आपल्याकडे नाही. आपल्याकडे त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे प्रोबेशन. म्हणूनच या पानाचा बराचसा भाग त्यावर आहे.

प्रोबेशनवर असताना नोकरी करता येते का? कुणाची परवानगी काढावी लागते?

करता येते. नोकरी करायला म्हणून वेगळी परवानगी लागत नाही. कायद्याचा कल उलट तुम्ही काम करावं असाच आहे. प्रोबेशन देताना कोर्ट बघतं की आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला त्या हद्दीत कायमचं घर आहे का, की नेहमीचा कामधंदा आहे. म्हणजे निकालाआधीच कामावर असलेल्या माणसाची बाजू थोडी जड होते. २१ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर कलम ६ सांगतं की जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर शक्यतो तुरुंगात पाठवू नका, आणि पाठवायचंच असेल तर कारणं लिहा. अशा मुलाचं शिक्षण किंवा शिकाऊ काम चालू असेल तर ते कोर्टासमोर आणायलाच हवं. वकील विसरले तर तुम्ही आठवण करा.

बंधपत्रात काही अटी असू शकतात: अमुक ठिकाणी राहायचं, नशापाणी करायचं नाही, राहण्याचा पत्ता बदलायचा नाही. काम दुसऱ्या जिल्ह्यात मिळालं तर इथे अडतं. आधी जायचं आणि मग सांगायचं, असं करू नका. कलम ८ खाली परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशनवरच्यांची देखरेख करणारे सरकारी अधिकारी, कोर्टात अर्ज करून अटी बदलून घेऊ शकतात. देखरेखीची गरज उरली नाही असं त्यांना वाटलं तर बंधपत्रातून मोकळं करण्याचा अर्जही तेच करतात. सलग काम केल्याचा पुरावा तिथे उपयोगी पडतो, म्हणून पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

अट मोडली तर कलम ९. पहिल्या चुकीला कोर्ट ५० रुपयांपर्यंत दंड करून विषय संपवू शकतं (हा आकडा १९५८ सालचा आहे, कुणी बदललेला नाही). पण त्याच कलमाखाली मूळ गुन्ह्याची शिक्षाही सुनावता येते. त्यामुळे ५० रुपयांवर जाऊ नका.

परिवीक्षा अधिकारी मला काम शोधून देतील का?

कायद्याने हे त्यांचं काम आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. कलम १४ मध्ये अधिकाऱ्याची कर्तव्यं दिली आहेत. त्यात देखरेखीखालच्या माणसाला, गरज असेल तिथे, योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं हे स्पष्ट लिहिलं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाकडे असतात. बालगृहं, बाल न्याय मंडळाचे अहवाल, बालविवाहाची तक्रार, सगळं त्यांच्याच टेबलावर. माणसं कमी, जिल्हा मोठा. तुम्ही नुसते जाऊन ‘साहेब, काम बघा’ म्हणालात तर ‘बघतो’ एवढंच ऐकून परत याल. त्यापेक्षा एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: काय काम येतं, कुठे आणि किती वर्षं केलं, कोणत्या भागात रोज जाता येईल, कोणते दिवस कोर्टात जातात. शेवटी ‘कलम १४ प्रमाणे कामासाठी शिफारसपत्र मिळावं’ असं लिहा आणि आवक क्रमांक घ्या. आयटीआयच्या प्रवेशासाठी किंवा ओळखीच्या कारखानदाराकडे अधिकाऱ्याचं पत्र घेऊन गेलेल्या मुलाचं बोलणं निदान ऐकून घेतलं जातं. विभागाकडे मुक्त बंदी आणि प्रोबेशनवरच्या व्यक्तींना स्वयंरोजगारासाठी मदतीची योजनाही आहे, तिचाही अर्ज त्याच भेटीत मागा.

त्यांनी कोर्टाला दिलेला तुमचा अहवाल गोपनीय असतो. तो मालकाला दाखवला जात नाही.

पॅरोल किंवा फर्लोवर असताना काम केलं तर चालतं का?

या रजेचे दिवस थोडे असतात आणि आदेशात कुठे राहायचं, पोलीस ठाण्यात कधी हजर व्हायचं हे लिहिलेलं असतं. घरच्या शेतात पेरणीला हात लावला म्हणून कुणी हरकत घेत नाही. पण गाव सोडून कामावर जाऊ नका, आणि परतायची तारीख कामासाठी चुकवू तर अजिबात नका. रजा चुकली की पुढच्या रजा आणि माफीचे (शिक्षेत मिळणाऱ्या सुटीचे) दिवस दोन्ही अडचणीत येतात. कोविडच्या काळात २०२० मध्ये तातडीचा पॅरोल मिळालेले अनेक जण बराच काळ बाहेर होते आणि कामंही करत होते. तो अपवाद होता, त्याचा दाखला आज देऊ नका.

या रजेचा कामाच्या दृष्टीने खरा उपयोग वेगळा आहे. आधार, बँकेचं खातं, रेशनकार्डावरचं नाव, जुना मोबाइल नंबर या गोष्टी सुटण्याआधीच्या रजेत नीट करून ठेवल्या, तर सुटल्यावरचे दोन महिने वाचतात.

मुलाखतीत सांगायचं की लपवायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

सरकारी, निमसरकारी किंवा बँकेच्या नोकरीच्या अर्जात गुन्ह्याचा रकाना असेल तर खरं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठासमोर हे नियम एकत्र मांडले. गुन्हा किरकोळ असेल, तरुण वयातला असेल, तर मालकाला तो माफ करता येतो. खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही, पण विचार करावा लागतो. आणि जे स्पष्टपणे विचारलं आहे तेवढ्याचीच माहिती देणं उमेदवारावर बंधनकारक आहे. अडकतात ते लपवणारे. ज्या गुन्ह्याकडे कदाचित काणाडोळा झाला असता, तोच लपवल्यामुळे नोकरी जाते. फॉर्मवर ‘अटक झाली होती का’, ‘गुन्हा दाखल आहे का’ आणि ‘शिक्षा झाली का’ हे तीन वेगळे प्रश्न असतात. निर्दोष सुटलात तरी पहिल्याचं उत्तर ‘होय’ येतं. घाईत तिन्हींसमोर ‘नाही’ लिहिणारी मुलं आम्ही दर भरतीत बघतो.

खासगी नोकरीत, छोट्या कारखान्यात, दुकानात कुणी फॉर्म देत नाही. तिथे आमचा सल्ला असा: मालकाला सांगा, रुजू होण्याआधी सांगा, आणि फक्त मालकाला सांगा. सुपरवायझरला नको, सोबत्याला नको. कारण साधं आहे. तारखेला सुट्टी लागणारच आहे, आणि दर महिन्याला आजी वारली असं सांगता येत नाही.

कसं सांगायचं याचीही तयारी हवी. केसची सगळी हकिकत सांगायला गेलात की समोरचा माणूस आपोआप न्यायाधीश होतो. ‘मी कसा अडकलो’ हे अर्धा तास ऐकायला कुणालाच वेळ नसतो. तीन-चार वाक्यं पुरतात: ‘साहेब, २०२१ ला मारामारीची एक केस झाली. कोर्टाने प्रोबेशनवर सोडलंय. महिन्यातून एक दिवस तारीख किंवा ऑफिसची भेट असते, ती मी आधी सांगीन. लेथ मशीनवर चार वर्षं काढलीत, एक जॉब करून दाखवतो.’ शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. हातातलं काम बघितल्यावर बाकीचं मागे पडतं, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. काही ठिकाणी नाही पडत. तिथून पुढच्या दारात जायचं.

प्रोबेशन मिळालं म्हणजे गुन्हा पुसला गेला ना? कलम १२ असंच म्हणतं असं ऐकलंय.

अर्धवट ऐकलंय. कलम १२ म्हणतं की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला, दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने लागणारी अपात्रता लागणार नाही. म्हणजे एखाद्या परवान्याच्या कायद्यात ‘दोषी ठरलेला अपात्र’ असं असेल तर हे कलम दाखवता येतं. पण दोषसिद्धी स्वतः जागेवर राहते. बक्षी राम प्रकरणात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: प्रोबेशन मिळालं तरी खात्याला वर्तणुकीवरून कारवाई करता येते. त्यामुळे सरकारी नोकरीत असताना केस झाली असेल तर ‘प्रोबेशन मिळालं, आता नोकरी पक्की’ असं समजू नका.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार ठरावीक वर्षं सरळ गेली की बऱ्याच जुन्या शिक्षा नोकरीसाठी सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. तो असायला हवा, असं आमचं मत आहे.

माझा मुलगा १६ वर्षांचा असताना केस झाली होती. आता चारित्र्य प्रमाणपत्रावर ती येईल का?

येऊ नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे, मुलाची केस बंद झाली किंवा निकाली निघाली असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी तो तपशील उघड करायचा नाही. कलम २४ प्रमाणे त्यामुळे कुठली अपात्रताही लागत नाही. अपवाद आहे तो १६ ते १८ वयोगटातल्या ज्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्यांप्रमाणे खटला चालला त्यांचा. दाखल्यावर जुनी केस आलीच, तर बाल न्याय मंडळाचा निकाल आणि कलम ७४ चा उल्लेख जोडून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. तोंडी भांडून उपयोग होत नाही.

मोठ्यांच्या पडताळणीत मात्र प्रलंबित खटला आणि दोषसिद्धी दिसते. निर्दोष सुटूनही ‘गुन्हा दाखल’ एवढंच येत असेल तर निकालाची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यात देऊन नोंद अद्ययावत करून घ्या. हे काम केस संपल्याच्या आठवड्यातच करावं, नंतर कुणी करत नाही.

कोणत्या कामाच्या मागे लागू नये?

सुटून आलेल्याला नातेवाईक पहिलं सांगतात, ‘सिक्युरिटीत जा, लगेच घेतात.’ नका जाऊ. खासगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा कायदा गार्डचं चारित्र्य आणि पूर्वइतिहास तपासायला सांगतो. काही ठेकेदार तपासणी न करता उभं करतात, पण दोन महिन्यांनी कागद मागितले की पगारासकट वांधे होतात. रिक्षा-टॅक्सीचा बॅज, ॲपवरच्या गाड्या आणि डिलिव्हरी यांतही पडताळणी आडवी येते. शाळा, स्कूलबस, पाळणाघर इथे तर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) २०२० च्या नियमांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी सक्तीची केली आहे, आणि ते योग्यच आहे.

दारं उघडी असतात ती हाताच्या कामांची. फॅब्रिकेशन, सुतारकाम, पेंटिंग, गॅरेज, बेकरी, केटरिंग, शिलाई, नर्सरी, पोल्ट्री, बांधकाम. नाक्यावर उभं राहणाऱ्याला मुकादम केस विचारत नाही. बांधकामात वर्षात ९० दिवस भरले की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, तिथेही पोलीस दाखला लागत नाही. नाक्यावरच्या कामाला कमी लेखू नका, पण तिथे मिस्त्रीच्या हाताखाली एकच काम धरा. आज फरशी, उद्या माती, परवा भंगार असं केलं तर वर्षाने हातात काहीच राहत नाही.

दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी आहे. कंपनी दर सोमवारी सोडत नाही. काय करू?

नोकरी सुटायचं आम्ही पाहिलेलं सगळ्यांत मोठं कारण हेच. चोरी नाही, भांडण नाही, हजेरी. जामिनाच्या आदेशात लिहिलेलं असतं: दर सोमवारी सकाळी १० ते १. पहिली पाळी सातला सुरू होते. साडेनऊला निघायचं, ठाण्यात साहेब बंदोबस्ताला गेलेले, रजिस्टर त्यांच्या कपाटात. सही व्हायला दीड वाजतो. असे चार सोमवार झाले की पाचव्याला गेटवर कार्ड चालत नाही.

हजेरी बुडवणं हा उपाय नाही, त्याने जामीन रद्द होऊ शकतो. ज्या कोर्टाने जामीन दिला तिथे अट बदलायचा अर्ज करता येतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तर ‘सोमवारऐवजी गुरुवार’ एवढंच मागा. किंवा ‘संध्याकाळी ५ ते ८’ मागा. आरोपपत्र दाखल झालं असेल तर हजेरी बंद करायची किंवा महिन्यातून एकदा करायची विनंतीही रास्त ठरते, कारण तपास संपलेला असतो. अर्जाला मालकाचं लेटरहेडवरचं दोन ओळींचं पत्र जोडा: अमुक तारखेपासून कामावर आहे, पाळीची वेळ ही, सुट्टीचा वार हा. लेटरहेड नसलेल्या ठिकाणी काम असेल तर प्रतिज्ञापत्र चालतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागा.

कोर्टाच्या तारखेसाठी तुमच्या केसचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख दिसते, कारकुनाच्या मागे फिरावं लागत नाही. तारीख कळली त्याच दिवशी मालकाला सांगा. नुसती साक्षीशिवायची तारीख असेल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज देता येतो, पण तो दरवेळी मंजूर होतो असं धरू नका. न सांगता तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि वॉरंट घेऊन पोलीस बहुधा कामाच्या जागीच येतात.

मी मालक आहे. अशा माणसाला ठेवलं तर माझ्यावर काही येईल का? सरकार काही सवलत देतं का?

कामावर ठेवणं हा गुन्हा नाही. वर सांगितलेली पडताळणी सक्तीची क्षेत्रं सोडली तर कुणाला घ्यायचं हे तुमच्यावर आहे. तो पुढे काही करून बसला, तर त्याला पगार देत होतात एवढ्यावरून तुम्ही आरोपी होत नाही.

सवलतीचं उत्तर निराश करणारं आहे. अमेरिकेत १९६६ पासून अशा कामगाराने चोरी केली तर मालकाची भरपाई करणारी हमी सरकारी योजनेतून मिळते. आपल्याकडे अशी हमी किंवा यासाठीची खास करसवलत नाही. त्यामुळे आम्ही मालकांना फायद्याच्या मोठ्या गोष्टी सांगत नाही. एवढंच सांगतो की महिनाभर ठेवून बघा, आणि पहिल्या दिवशी तीन गोष्टी ठरवा: तारखेच्या दिवसाचा पगार मिळणार की कापणार, उचल किती आणि कधी, आणि ही गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार. तिसरी गोष्ट बहुतेक मालक पाळत नाहीत. चहाच्या वेळी सहज बोलून जातात, आणि संध्याकाळपर्यंत पोराचं नाव ‘येरवडा’ पडलेलं असतं.

गल्ल्यात पैसे कमी आले. संशय त्याच्यावरच जाणार ना?

जाणार, हे खरं. म्हणून पहिले काही महिने त्याला गल्ल्यावर, चावीवर, एकट्याने रोकड न्यायच्या कामावर ठेवू नका. यात अविश्वासाचा भाग थोडा आणि त्याच्या संरक्षणाचा जास्त आहे. काही कमी आलंच तर आधी हिशेब, मग कॅमेरा, मग सगळ्यांची सारखी चौकशी. नुसत्या संशयावर पोलिसांना नाव दिलंत तर त्याचा जामीन किंवा प्रोबेशन धोक्यात येतं, आणि नंतर बिलाची पावती पुठ्ठ्याखाली सापडली तरी ते परत मिळत नाही. पुरावा असेल तर इतर कुणाच्याही बाबतीत करता तेच करा.

मालक माझा जामीनदार आहे. निम्म्या पगारावर राबवतो, सोडतो म्हटलं की जामीन काढून घेईन म्हणतो.

हे चालत नाही. किमान वेतन सगळ्यांना सारखं आहे, केस असलेल्याला कमी असा दर कुठल्याच कायद्यात नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं ही घटनेच्या अनुच्छेद २३ खालची वेठबिगारीच आहे. शिवाय जामीनदाराने नाव काढून घेतलं म्हणून तुम्ही लगेच आत जात नाही. कोर्ट दुसरा जामीनदार द्यायची संधी देतं. म्हणून भांडायच्या आधी शांतपणे दुसरा जामीनदार तयार ठेवा, मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पगाराची तक्रार करा. क्रम उलटा केलात तर त्रास होतो.

तुरुंगात शिकलेलं बाहेर चालतं का?

हात चालतो, दाखला अडखळतो. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात वर्षानुवर्षं अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले गेले, नाशिकरोडला शाडूच्या गणेशमूर्ती घडतात, येरवड्यात सुतारकाम आणि विणकाम आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तर औंध संस्थानाने १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत वसवली, तिथे ते कुटुंबासह राहून शेती करतात. हे सगळं खरं कसब आहे. पण अनुभवाच्या दाखल्यावर कारागृह अधीक्षकांचा शिक्का असतो, आणि तो दाखवायला माणूस लाजतो. जिथे आयटीआय, मुक्त विद्यापीठ किंवा कौशल्य विकासाची परीक्षा आतून देता येते, तिथे ती द्याच. त्या प्रमाणपत्रावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव येतं.

नोकरी नको, छोटा धंदा टाकायचाय. कर्ज मिळेल?

बँक केसपेक्षा सिबिल जास्त बघते. आत असताना थकलेला दुचाकीचा हप्ता इथे नडतो, आधी त्याची तडजोड करा. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत तारण लागत नाही. न्हावी, शिंपी, सुतार, लोहार, गवंडी अशा १८ कामांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा जास्त बरी: प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार, आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज. मात्र मुद्राचं कर्ज चालू असेल तर यात अडतं, म्हणून कुठल्या योजनेत आधी जायचं ते ठरवून अर्ज करा.

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना १ मे २०२२ ला येरवड्यात सुरू झाली. तिच्यात ७ टक्क्यांनी ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण ते आत असलेल्या बंद्यांना, तिथल्या मजुरीवर. बाहेर आल्यावर तिच्यासाठी बँकेत चकरा मारू नका.

बायकांसाठी काही वेगळं आहे का?

अडचण वेगळी आहे. पुरुष घरी परततो, बाईला बऱ्याचदा घरच उरलेलं नसतं. कामाआधी राहायची सोय लागते, त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात शक्ती सदनाबद्दल (अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी निवाऱ्याबद्दल) विचारा. घरकामाच्या एजन्सी पोलीस पडताळणी मागतात. बचत गटाचा मसाला-पापड, शिलाईचं युनिट, पोळी-भाजी केंद्र इथे सुरुवात सोपी जाते, कारण तिथे घेणारीही बाईच असते आणि ती वेगळे प्रश्न विचारते.

दुबईला काम मिळतंय. पासपोर्ट निघेल?

खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी घेऊनच. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर शिक्षेपासून पाच वर्षं पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. प्रोबेशनच्या मुदतीत परदेशी जाणं म्हणजे देखरेख सुटणं, तेव्हा मुदत संपेपर्यंत थांबा. एजंटला आगाऊ पैसे देऊ नका.

पोराला कामाला लावलं, आठ दिवसांत सोडून आला. आळशीच आहे का?

क्वचित. बऱ्याचदा पहिल्या पगाराला अजून तीन आठवडे असतात, आणि रोज जायला बसभाडं नसतं. ते लाजून कुणी सांगत नाही, ‘काम जमत नाही’ असं सांगतात. घरच्यांनी पहिल्या महिन्याचं भाडं आणि डबा एवढं सांभाळलं तरी पुष्कळ होतं. मालकाने पहिला महिना आठवड्याला पैसे दिले तर त्याहून चांगलं. दुसरं कारण जुने मित्र. कामाची जागा जुन्या वस्तीपासून दोन-तीन बस थांबे लांब असलेली बरी.

मदतीला नक्की कुठे जायचं?

वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० वर फोन. प्रोबेशनसाठी जिल्हा परिवीक्षा अधिकारी. मुंबई परिसरात टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि सुटून आलेल्यांसोबत काम करतो, प्रशिक्षण आणि कामाची जोडही करून देतो. जाताना कोर्टाचा आदेश, आधार, पासबुक आणि दोन फोटो न्या. सगळ्याच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद कुणाच्याही हातात देऊन येऊ नका. ठेकेदाराच्या तर नाहीच.